सव्वाचार इंच आत

चौकातला फोटोवाला रविवारी बारा वाजेपर्यंत दुकान उघडं ठेवतो, हे मास्टरांना माहीत होतं. त्याच्याकडे चालत जायला सात मिनिटं लागतात, हेही माहीत होतं. तरीसुद्धा सकाळी दहा वाजता बायकोने "अहो, तेवढा फोटो काढून आणता का?" असं विचारलं, तेव्हा मास्टर चहाचा कप खाली ठेवत म्हणाले, "घरात प्रिंटर असताना बाहेर कशाला जायचं? पाच मिनिटांचं काम आहे." (पाच मिनिटांचं काम आहे, असं म्हणून नवरेमंडळींनी हातात घेतलेली आणि अजून न संपलेली कामं घरोघरी पडून असतात. पण ते असो.)

प्रिंटर लेकीचा होता. ती नोकरीसाठी परगावी गेली आणि जाताना प्रिंटर, जुना कॉम्प्युटर आणि फोटोच्या चकचकीत कागदांचं एक पाकीट मागे ठेवून गेली. पाकिटात सहा कागद शिल्लक होते. मास्टरांनी त्या प्रिंटरवर आजवर 'उद्या दुकान बंद' अशी एक पाटी तेवढी छापली होती आणि ती सरळ आली होती. तेवढ्या भांडवलावर त्यांचा आत्मविश्वास उभा होता.

मास्टर म्हणजे टेलर मास्टर. घराच्या पुढच्या खोलीत दुकान, मागच्या दोन खोल्यांत संसार. नवे कपडे ते आता फारसे शिवत नसत. त्यांचं नाव होतं ते आल्टरसाठी. कुणाची कंबर वाढली, कुणाची कमी झाली, कुणी थोरल्या भावाचा कोट धाकट्याच्या अंगावर चढवून आणला, की मास्टर टेप गळ्यात टाकून म्हणायचे, "होऊन जाईल." एकतीस वर्षांत 'हे बसणार नाही' असं सांगून एकही कपडा परत पाठवलेला नाही, हे ते गिऱ्हाइकाने न विचारताही ऐकवत.

आता तो फोटो. फोटोत दोन बहिणी होत्या. एक मास्टरांची बायको आणि दुसरी तिची थोरली बहीण, म्हणजे नात्याने मास्टरांची आकडसासू. तिला सगळे ताई म्हणत, मास्टरही ताईच म्हणत. ह्या दोघी बहिणी गेली चार वर्षं एकमेकींशी बोलत नव्हत्या. गेल्या महिन्यात भाचीच्या नव्या घरी सगळे जमले होते, तेव्हा त्या भाचीने दोघींच्या दंडाला धरून त्यांना एका सोफ्यावर बसवलं आणि कुणी काही म्हणायच्या आत मोबाइल आडवा धरून फोटो काढला. चार वर्षांतला दोघींचा एकत्र असा तेवढाच फोटो. आणि आज दुपारी चार वाजता ताई घरी येणार होत्या, तसा भाचीकडून निरोप आला होता. चार वर्षांत पहिल्यांदा. स्वतःहून.

"तो फोटो भिंतीवर दिसला पाहिजे त्यांना. आल्या आल्या दिसला पाहिजे," बायकोने सांगितलं होतं. "आणि ह्याच फ्रेममध्ये."

ही फ्रेम ताईंनीच दिलेली. भांडणाच्या आधी. दहा इंच रुंद, आठ इंच उंच, लाकडी, कडेला बारीक नक्षी. चार वर्षं ती खोक्यासकट कपाटात पडून होती, आणि ताई आल्यावर पहिली नजर तिच्याचसाठी फिरवणार, ह्याबद्दल बायकोला तिळमात्र शंका नव्हती. मास्टरांनी भिंतीवर खिळा ठोकला, फ्रेम लावून बघितली, लांब उभं राहून बघितली, आणि मग कॉम्प्युटरसमोर जाऊन बसले.

ह्या सगळ्या प्रकारात मास्टरांना एक गोष्ट आतून खात होती, आणि ती त्यांनी कुणाला सांगितलेली नव्हती. ते भांडण त्यांच्यामुळे झालं होतं. चार वर्षांपूर्वी ताई कोट सैल करायला दुकानात आल्या होत्या. मास्टरांना तेव्हा मापं मोठ्याने म्हणायची सवय होती. टेप लावला आणि भर दुकानात, तीन गिऱ्हाइकं बसलेली असताना, मास्टर गर्जले, "कंबर! दोन इंच वाढली!" त्यानंतर ताई जी पायरी उतरून गेल्या त्या परत आल्याच नाहीत. तेव्हापासून मास्टर मापं कानात सांगितल्यासारखी सांगत. काही म्हाताऱ्या गिऱ्हाइकांना तर ती ऐकूच येत नसत. म्हणून आज हा फोटो नीट लागला पाहिजे होता. काही झालं तरी लागला पाहिजे होता.

पहिला कागद प्रिंटरने कुरकुरत आत घेतला आणि कुरकुरत बाहेर टाकला. एवढ्या मोठ्या पांढऱ्या कागदाच्या एका कोपऱ्यात तळहाताएवढा फोटो आला होता.

"हे काय, ओळखपत्राला लावायचाय का?" बायको म्हणाली.

"कागद मोठा आहे हे त्याला कळलेलं नाही," मास्टर म्हणाले. "तिथे कागदाचं माप लिहायचं असतं. छोटं लिहिलेलं होतं."

"मग तुम्ही बघितलं नाहीत?"

"आता बघितलं ना!"

माप बदललं. दुसरा कागद आत गेला. ह्या वेळी फोटो दहा इंच रुंद आला, अगदी टेप लावून दहा. मास्टरांनी तो फ्रेमवर धरला मात्र, त्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या. रुंदी दहा, पण उंची साडेपाचच्या थोडी वर. वर सव्वा इंच पांढरा पट्टा, खाली सव्वा इंच पांढरा पट्टा, आणि मध्ये दारावरच्या झरोक्यातून डोकावल्यासारख्या दोघी बहिणी. दोघींची तोंडं वाटाण्याएवढी.

"ताईंना चष्मा आहे हो," बायको म्हणाली. "त्यांना वाटेल भिंतीवर सोफा लावलाय."

"पट्टे जायला पाहिजेत."

"मग घालवा ना!"

मास्टरांनी पडद्यावर शोधाशोध केली. तिथे एक चौकोन होता आणि त्याच्याशेजारी लिहिलं होतं की फोटो कागदभर पसरवा. नेमकं हेच तर पाहिजे होतं! त्यांनी बटण दाबलं आणि हातांची घडी घालून बसले. तिसरा कागद बाहेर आला. पट्टे गेले होते. कागद काठोकाठ भरला होता. फोटोच्या मधोमध स्वतः मास्टर उभे होते.

हे मास्टर लक्षातच नव्हते कुणाच्या. भाचीने फोटो काढला तेव्हा ते सोफ्याच्या मागे, दोघींच्या बरोबर मधल्या रिकाम्या जागेत, दोन्ही हात सोफ्याच्या पाठीवर पसरून उभे होते, दुकानाच्या काउंटरवर उभे असतात तसे. तोंड थोडं उघडं होतं. डाव्या कडेला ताई निम्म्या होत्या: एक डोळा, अर्धं नाक, एक कान. उजव्या कडेला बायको निम्मी. मध्ये चौकड्या-चौकड्यांचा लांबलचक सोफा आणि मास्टर, पूर्ण, पट्ट्यापासून टकलापर्यंत.

बायकोने तो कागद उजेडात धरून बघितला. मग म्हणाली, "छान आलाय."

"अगं..."

"नाही, खरंच. तुमचा फार छान आलाय. आम्ही काय, अर्ध्या अर्ध्या असलो तरी चालेल."

"मी मुद्दाम केलं का हे?"

"मी कुठे म्हटलं?"

मास्टरांचा पारा चढला. त्यांनी लेकीला फोन लावला. लेकीने सगळं ऐकून घेतलं आणि दीर्घ श्वास सोडला. (हा श्वास ती आईकडून शिकली होती.)

"बाबा, फोटोचं प्रमाण सोळाला नऊ आहे. फ्रेमचं दहाला आठ. ही दोन्ही वेगवेगळी आहेत. ती जुळणार नाहीत."

"जुळणार नाहीत म्हणजे काय?"

"म्हणजे एक तर पट्टे ठेवा, नाही तर कडा कापा, नाही तर वेगळी फ्रेम आणा. चौथा मार्ग नाही."

"कडांना तुझी आई आणि मावशी आहे!"

"मग पट्टे ठेवा."

"म्हणजे बसत नाही असं म्हणायचंय तुला?"

"हो बाबा. बसत नाही."

एकतीस वर्षं! एकतीस वर्षं हा शब्द ह्या घरात कुणी उच्चारला नव्हता, आणि आज पोटची पोर फोनवर सहज म्हणून गेली. मास्टरांनी फोन ठेवला. त्यांना फोटोवर उजेड पडल्यासारखं काहीतरी दिसू लागलं होतं. फोटो रुंद का होता? कारण मोबाइल आडवा धरावा लागला. आडवा का धरावा लागला? कारण एवढा मोठा सोफा असताना एक बाई ह्या टोकाला आणि दुसरी त्या टोकाला चिकटून बसली होती. भाची बिचारी मागे सरकत सरकत भिंतीला टेकली, तेव्हा कुठे दोघी एका फोटोत मावल्या. फोटो रुंद नव्हताच मुळी. भांडण रुंद होतं.

हे त्यांनी बायकोला सांगितलं नाही. (चार माणसांत शहाणपणाचं बोलणारे मास्टर घरात मात्र वेळ बघून गप्प बसत.) उलट त्यांनी आणखी एक प्रयोग करून बघितला. पडद्यावर रुंदी आणि उंचीच्या आकड्यांमध्ये साखळीची एक खूण होती. ती काढली की दोन्ही आकडे मोकळे होतात, हे त्यांना आपोआप सापडलं. त्यांनी दहा आणि आठ असे आकडे टाकले. चौथा कागद आला. पट्टे नाहीत, कडा शाबूत, दोघी बहिणी पूर्णच्या पूर्ण. फक्त दोघींना कुणीतरी दोन्ही बाजूंनी दाबून वर ओढलं होतं. तोंडं लांब, माना लांब, कमरा मुठीत मावतील अशा.

बायकोने आधी स्वतःकडे बघितलं. तिचा चेहरा थोडा मवाळ झाला. "मी काही एवढी वाईट नाही दिसत हं," ती म्हणाली. मग तिची नजर डावीकडे गेली आणि ती किंचाळलीच. "अहो! ताईंची कंबर बघा! त्यांना वाटेल, तुम्ही टोमणा मारलात!"

कंबर! सगळं सोडून पुन्हा कंबरच! त्यांनी तो कागद घाईघाईने उलटा करून आधीच्या तिन्हींसकट टेबलाच्या खणात टाकला.

"जा आता फोटोवाल्याकडे."

मास्टरांनी घड्याळाकडे बघितलं. सव्वाबारा वाजले होते.

बायको काहीही बोलली नाही. पिशवी घेतली आणि बाजारात निघून गेली. तिचं बोलणं परवडलं असतं.

पाकिटात दोन कागद राहिले होते. मास्टर पुढच्या खोलीत, म्हणजे दुकानात, येऊन बसले. समोर एका गिऱ्हाइकाची पँट पडली होती, कंबर आत घ्यायची. मास्टरांनी सवयीने ती उचलली, मागची शिवण बघितली, आणि तसेच थबकले. पँट मोठी झाली म्हणून कुणी पायाचं टोक कापतं का? पँट दाबून लांब करतं का? मधली शिवण उसवायची, जास्तीचं कापड काढायचं आणि दोन्ही बाजू जवळ आणायच्या! चौथा मार्ग नाही म्हणे. कॉलेजात काय शिकवतात कोण जाणे.

मास्टर धावत आत गेले. फोटो आठ इंच उंच ठेवला तर तो सव्वाचौदा इंच रुंद होत होता. फ्रेम दहाची. म्हणजे सव्वाचार इंच आत घ्यायचे. ते कुठून घ्यायचे, हे सांगायला नकोच. त्यांनी फोटोचा डावा निम्मा भाग एका कागदावर छापला, उजवा निम्मा दुसऱ्या कागदावर. प्रिंटरनेही ह्या वेळी मुकाट्याने काम केलं. मास्टरांनी दोन्ही कागद कटिंगच्या टेबलावर शेजारी शेजारी मांडले, पट्टी ठेवली, खडूने रेघा मारल्या. रेघा मारताना त्यांच्या लक्षात आलं, की ह्या सव्वाचार इंचांत काढून टाकायचं ते म्हणजे सोफ्याचा रिकामा भाग आणि मास्टर. त्यांनी क्षणभर स्वतःच्या त्या उघड्या तोंडाकडे बघितलं. मग मनात म्हणाले, बरोबरच आहे. जो मध्ये आला त्यानेच निघायला पाहिजे. त्यांना स्वतःचं मोठं कौतुक वाटलं, डोळेही थोडे ओले झाले, आणि त्यांनी कात्री चालवली.

खरी कसोटी सोफ्याच्या चौकड्यांची होती. चौकड्यांच्या शर्टाला खिसा लावताना जो रेघेला रेघ मिळवतो तो टेलर, बाकी सगळे दोरेवाले, असं मास्टरांचं मत होतं. ते जीव ओतून रेघेला रेघ मिळवू लागले. वाटेत ताईंचा हात आला. तो सोफ्यावर टेकलेला होता आणि बोटं बरोबर खडूच्या रेघेवर येत होती. माणसाच्या बोटांवर कात्री चालवायला मन धजेना. मास्टरांनी बोटांच्या कडेकडेने, काज कापावं तसं नाजूक कापलं. मग डाव्या तुकड्याला मागून गोंद लावला आणि तो उजव्यावर एक इंच चढवून दाबला. शिवणीला इंच द्यायचाच, हातालाच ते पाठ. चौकड्या अशा जुळल्या की जोड शोधून सापडू नये.

मग त्यांनी टेप लावला. नऊ इंच.

नऊ! पुन्हा लावला. नऊच! कापताना दहाचा हिशेब धरला आणि जोडाचा इंच त्यात धरलाच नाही! शिकाऊ मुलाने अशी चूक केली असती तर मास्टरांनी त्याला आठवडाभर नुसती काज-बटणं करायला बसवलं असतं. त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. कागद संपले होते. दोन वाजून गेले होते. हा फोटो सोडला तर आता खणातले वेडेवाकडे चार कागद आणि रिकामी फ्रेम.

पण आल्टरवाला माणूस असा हार मानत नाही. त्यांनी अस्तराच्या गाठोड्यातून मरून रंगाचं कापड काढलं, अर्ध्या अर्ध्या इंचाच्या दोन पट्ट्या कापल्या, इस्त्री फिरवली आणि फोटोच्या दोन्ही बाजूंना पायपिंगसारख्या चिकटवल्या. नऊ अधिक एक, दहा. फोटो फ्रेममध्ये घातला, फ्रेम खिळ्यावर लावली आणि दोन पावलं मागे सरकून त्यांनी बघितलं. मग त्यांना ते दिसलं.

तो एक जास्तीचा इंच आत गेल्यामुळे दोघी बहिणी खांद्याला खांदा लावून बसल्या होत्या. आणि ताईंची ती कडेकडेने कापलेली बोटं बरोबर बायकोच्या हातावर येऊन टेकली होती. ताईंनी तिचा हात धरला होता.

बायको आली, तिने पिशवी खाली ठेवली आणि भिंतीकडे बघत उभी राहिली. मास्टर तिच्या तोंडाकडे बघत उभे राहिले.

"हे... आमचे हात..." ती म्हणाली.

"जोडात आले. माझ्या मनात तसं नव्हतं."

बायकोने बाहीने फ्रेमची काच पुसली, जी आधीच स्वच्छ होती, आणि ती तोंड धुवायला निघून गेली. मास्टरांच्या जिवात जीव आला.

ताई बरोबर चारला आल्या. मास्टरांनी त्यांना खुर्ची दिली. बायको समोर बसली. आणि मग सुरू झाला तो खेळ, ज्याची मास्टरांना कल्पनाच नव्हती.

"मास्टर," ताई म्हणाल्या, "हिची तब्येत बरी आहे ना?"

मास्टरांनी बायकोकडे बघितलं. बायकोने छताकडे बघितलं. "त्यांना सांगा, बरी आहे म्हणून."

"बरी आहे म्हणतेय," मास्टर म्हणाले.

"हिला म्हणावं, वाळलेली दिसतेय."

"वाळलेली दिसतेस म्हणतायत."

"विचारा त्यांना, चहात साखर किती."

"ताई, साखर?"

"हिला माहितीये."

मास्टरांच्या कपाळावर घाम फुटला. टेलिफोनच्या तारेला घाम फुटत असता तर तिचीही हीच गत झाली असती. दोघी बायका हातभर अंतरावर बसल्या होत्या आणि प्रत्येक शब्द मास्टरांकडून जात होता. चहा आला, चहा संपला. मास्टरांनी दोनदा खाकरून भिंतीकडे मान केली, पण ताईंचं लक्ष जाईना. शेवटी ते उठले आणि फ्रेमच्या शेजारी जाऊन, कोटाचं माप द्यायला उभं राहावं तसे, ताठ उभे राहिले.

ताईंनी वर बघितलं. पर्समधून चष्मा काढला, लावला, उठून जवळ आल्या. आधी फ्रेमच्या नक्षीवरून बोट फिरवलं. मग फोटोकडे बघितलं आणि तशाच राहिल्या.

"मी हिचा हात धरला होता?" त्या कुणालाच उद्देशून म्हणाल्या.

मास्टरांनी निरोप पोचवण्यासाठी तोंड उघडलं. पण बायकोच बोलली. "हो ताई. तूच धरलास."

चार वर्षांतलं पहिलं वाक्य! मास्टरांना उडी मारावीशी वाटली. त्यांनी उघडलेलं तोंड मिटून घेतलं.

"मला आठवतच नाही गं," ताई म्हणाल्या.

"मला आठवतंय ना," बायको म्हणाली. (इतकी धडधडीत थाप तिने लग्नानंतर मारली नव्हती.)

ताईंनी चष्मा काढून डोळे टिपले, परत लावला आणि आणखी जवळ गेल्या. "आणि ही?"

"काय?"

"माझ्या खांद्यामागे, सोफ्याच्या पाठीवर. ही चार बोटं कुणाची?"

मास्टरांनी मान पुढे करून बघितलं. चौकड्या जुळवण्याच्या नादात त्यांनी स्वतःचं डोकं काढलं, पोट काढलं, पट्टा काढला. पण सोफ्याच्या पाठीवर पसरलेला एक हात मात्र तिथेच राहिला होता. ताईंच्या खांद्यामागून, कुणीही मालक नसलेली, चार जाडजूड बोटं वर आली होती.

"ह्यांची," बायको म्हणाली. "दुसऱ्या कुणाची असणार!"

"मग हे कुठेत?"

आता लपवण्यात अर्थ नव्हता. बायकोने खणातून सगळे कागद आणले. ताईंनी ते एक एक करून बघितले. झरोक्यातला फोटो त्यांनी बराच वेळ धरला. ह्या टोकाला एक, त्या टोकाला एक. आता सगळं कळलं. हात धरलेला नव्हता, हे कळलं. आता ह्या उठणार आणि पायरी उतरणार.

"किती लांब बसलो होतो गं आपण," ताई म्हणाल्या.

"सव्वाचार इंच," मास्टर पुटपुटले.

मग ताईंनी पुढचा कागद उलटला. मधोमध मास्टर, तोंड उघडं, दोन्ही कडांना अर्ध्या अर्ध्या बहिणी. ताईंच्या तोंडून आधी एक बारीक आवाज निघाला. मग बायकोच्या. मग दोघी अशा हसत सुटल्या की ताई आधाराला खुर्चीचा हात शोधू लागल्या आणि तो सापडेना म्हणून त्यांनी बहिणीचा धरला. खरा.

मास्टरांना आनंद झाला आणि रागही आला. पण त्यांना वाटलं, हीच वेळ आहे. चार वर्षं मनात दाबून ठेवलेलं आज बोलून टाकावं. ते एक पाऊल पुढे आले, हात जोडले आणि जड आवाजात म्हणाले, "ताई, मला माफ करा. हे सगळं माझ्यामुळे झालं."

"काय?" ताई डोळे पुसत म्हणाल्या.

"तुमचं भांडण. मी त्या दिवशी भर दुकानात ते बोलायला नको होतं. कंबर... दोन इंच..."

"कुठली कंबर?"

"तुमची. कोट सैल करायला आला होतात ना? मी ओरडलो, दोन इंच वाढली म्हणून."

ताईंनी बहिणीकडे बघितलं. बहिणीने ताईंकडे बघितलं.

"हे कधी झालं?" ताईंनी विचारलं.

"मला काय माहीत," बायको म्हणाली. "मला हे आजच कळतंय."

"अहो मास्टर, मला आठवतही नाही. वाढली असेल कंबर, तुमचा टेप काय खोटं बोलतो का! मी हिच्यावर रागावले होते. मी दहा दिवस तापाने पडून होते, ही एकदा फिरकली नाही."

"तू कळवलंसच नाहीस तर मी येणार कशी?"

"कळवायला मी काय परकी आहे? बहिणीला कळायला पाहिजे!"

"आणि नंतर मी तीन वेळा फोन केला, तो का नाही उचललास?"

"चौथ्यांदा करणार होतीस की नाही, ते बघत होते!"

"चार वर्षं?"

"मग तू करायचास!"

"पण ताई," मास्टर मध्येच म्हणाले, "म्हणजे माझ्यावरून काहीच..."

"तुमचा काय संबंध?" दोघी एकदम म्हणाल्या.

मास्टरांनी जोडलेले हात खाली घेतले. चार वर्षं ते मापं कुजबुजत होते. आज दुपारी डोळ्यांत पाणी आणून त्यांनी स्वतःला कात्रीने कापून काढलं होतं. आणि ह्या भांडणात ते कधी नव्हतेच. त्यांना नेमकं कशाचं वाईट वाटतंय, हे त्यांचं त्यांनाच ठरवता येईना.

दोघी बहिणी पुन्हा फ्रेमजवळ गेल्या. ताईंनी चष्मा नाकावर खाली घेतला. बायकोने मान तिरकी केली. दोघींनी फोटो लांबून बघितला, जवळून बघितला, एकमेकींकडे बघून मान डोलावली.

"तसा छानच झालाय," ताई म्हणाल्या.

"झालाय खरा," बायको म्हणाली. "फक्त..."

"तेच म्हणतेय मी."

आणि दोघींनी एकाच वेळी मास्टरांच्या त्या चार बोटांवर आपापलं बोट ठेवलं.

"अहो," बायको म्हणाली, "तेवढं उरलेलंही काढून टाका."

चार वर्षांत पहिल्यांदाच दोघी बहिणींचं एका गोष्टीवर एकमत झालं होतं. मास्टर कात्री आणायला आत गेले.